सोललेलं कासव

४ नोव्हेंबर

गुंड्यास आशीर्वाद. आज ते आखडत्या हातानेच देते आहे, कारण खोकं उघडून तासही झालेला नाही.

फोन सोडून पत्र का, तर फोनवर मी भाषण करते असं तुम्ही बापलेक म्हणता आणि मध्येच 'आवाज तुटतोय' म्हणून ठेवून देता. पत्र ठेवायचं तरी आधी वाचावं लागतं.

नाटकासाठी मागवलेलं कासव मिळालं. शिवण चोख आहे. मान आत ओढली की गडप होते, आणि पाठीचा फोम इतका हलका की माझ्या गुडघ्यांनी तुझे आभार मानले. आता रंग. मी काय मागितलं होतं? पाठीचे खवले शेवाळी हिरवे, कडा तपकिरी. शंभर वर्षं तळ्यात काढलेलं म्हातारं जनावर. खोक्यातून जे निघालं त्याचे खवले हिरड्यांसारखे लाल आहेत आणि कडा हिरव्या. त्यावर दुधाची साय धरावी तसा पांढरट थर. आमचा दिवेवाला शिडीवर चढलेला होता. तिथूनच वाकून बघत म्हणाला, "ताई, याला सोलून पाठवलंय का?" अख्खी तालीम हसत बसली. मी हसले नाही.

मग ते अंगावर चढवलं. पहिल्यांदा वाकले तर पाठीवर वाळका पाचोळा तुडवल्यासारखा आवाज. दुसऱ्यांदा वाकले तर रंगाचे पोपडे जमिनीवर. तिसऱ्यांदा मान आत ओढली तर एक पोपडा थेट तोंडात. तळं बुजवायला आलेल्या माणसांसमोर हे कासव साक्षीला उभं राहतं आणि दुसरा अंक एकटं बोलतं, हे तुला मीच वाचून दाखवलं होतं. साक्षीदाराने तोंडातून रंग थुंकत बोलावं की काय? प्रयोग अठ्ठावीसला आहे. माझे गुडघे बघता एवढी मोठी भूमिका मला पुन्हा झेपायची नाही.

काम बिघडतं, त्याचा मला राग नाही. माणसाच्या हातून बिघडायचंच. बिघडलेलं काम दोरीने बांधून, वर 'नाजूक वस्तू' असं लिहून दुसऱ्याच्या गळ्यात मारायचं, याचा राग आहे. चाळीस वर्षं मी कारखान्यांच्या फाटकांवर उभी राहून बोलले. त्या सगळ्या वर्षांत माझे फलक तुझ्या बापाने रंगवले. ते पावसात भिजले, लोकांच्या पायाखाली गेले, दोनदा तर पोलिसांनी उचलून नेले. अक्षर कधी उडालं नाही. तेव्हा हा उद्योग नानाचा नाही, तुझा आहे. नानाला मी वेगळं पत्र लिहिणारच आहे. त्याच्या कारखान्यातून काय बाहेर पडतंय ते त्याला कळू दे.

आत्या


९ नोव्हेंबर

आत्या, साष्टांग नमस्कार. साष्टांग अशासाठी की उभं राहायची सोय तू ठेवली नाहीस.

चूक माझी आहे. रंग मीच लावला. हवा दमट होती, थर वाळला नाही. त्यात थिनर नव्या दुकानातून आणला, तो भेसळीचा निघाला. ट्रकमध्ये खोकं उन्हात पडून राहिलं असणार. शिवाय आमच्या शेडमधला दिवा पिवळा आहे, त्यात लाल-हिरव्याचा घोळ होतो. मी दोन दिवस बाहेरगावी माप घ्यायला गेलो होतो, परत येईपर्यंत खोकं रवाना झालेलं. नाहीतर शेवटचा हात फिरवूनच पाठवलं असतं.

आता ते कसं वाचवायचं ते सांगतो. सुटलेले पोपडे बोथट सुरीने काढ. उरलेल्यावर घासकागद हलक्या हाताने गोल फिरव, फोम खरवडू देऊ नकोस. मी अस्तराचा डबा पाठवतोय. अस्तर म्हणजे सगळ्यात खालचा थर, तो रबरासारखा ताणतो. तो खाली नसला की वरचा रंग वाकताना तडकतो. आधी अस्तर, ते वाळलं की रंगाचे पातळ दोन हात, मग चकाकी. मी स्वतः आलो असतो, पण हिचे दिवस भरत आलेत आणि डॉक्टरीणबाईंनी मला घर सोडू नका असं सांगितलंय.

एक मात्र कर. बाबांना लिहू नकोस. त्यांना बरं नाहीये. म्हणजे तसे बरे आहेत, पण उगाच मनाला लावून घेतील. तुला काय शिव्या घालायच्या त्या मला घाल, मी सांभाळून ठेवीन.

गुंड्या


१४ नोव्हेंबर

गुंड्या,

हवा, थिनर, ट्रक, दिवा. एका चोरीला चार चोर हजर केलेस. मी इतकी वर्षं मालकांच्या वकिलांसमोर बसले आहे. ज्याच्याकडे खरं कारण असतं तो एकच देतो.

तू म्हणतोस रंग तू लावलास. पुढच्याच ओळीत म्हणतोस की तू बाहेरगावी होतास आणि परत आल्यावर शेवटचा हात फिरवणार होतास. स्वतःच लावलेल्या रंगावर कसला शेवटचा हात?

तू सांगितलंस तसं मी घासकागद घेऊन बसले. आमची शिंपीणबाई एका बाजूने, मी दुसऱ्या बाजूने. घासता घासता माझा हात थांबला. पोटाच्या कडेला जिथे खवले लहान होत जातात, तिथे प्रत्येक रेघ शेवटी किंचित वर उचललेली आहे. माझ्या फलकांवरच्या प्रत्येक अक्षराची शेपटी अशीच वर जायची. लहानपणी शाळेच्या पाटीवर तो तशी काढायचा आणि मास्तरांचा मार खायचा. शिंपीणबाई म्हणाली, "ताई, हात किती सराईत आहे बघा. फक्त रंग कुणी दुसऱ्यानेच हातात दिल्यासारखा वाटतो."

हे काम नानाचं आहे. रंग चुकलाय, हात चुकलेला नाही. मग हे झालं कसं?

मी खोटं खपवून घेत नाही हे तुला ठाऊक आहे. गोड खोटं तर मुळीच नाही. कडू खोट्याशी माणूस भांडतो, गोड खोटं त्याला दिवसा झोपवून ठेवतं. कामगारांना आधी कुणी मारलं नाही रे, आधी त्यांना 'सगळं ठीक आहे' असं सांगण्यात आलं. ते वाक्य ज्यांनी ऐकलं त्यांच्या घरी मी समाचाराला गेले आहे. खरं काय ते लिही. आठवड्यात पत्र आलं नाही तर मी नानालाच विचारीन.

आत्या


२० नोव्हेंबर

आत्या,

सांगतो. वाचून झाल्यावर बाबांसाठी एक करशील म्हणून सांगतो.

बाबांना रंग दिसत नाहीत. म्हणजे उजेड दिसतो, आकार दिसतो, माणसं ओळखू येतात. पण लाल आणि हिरवं त्यांना सारखंच मातकट दिसतं. कधीपासून ते मला नक्की माहीत नाही. मला दोन वर्षांपूर्वी कळलं. त्यांनी एका राजाचा अंगरखा रंगवला होता आणि पगडीवरचे पाचू लाल निघाले. ते घरी गेल्यावर मी शेडमध्ये थांबलो, पाचू हिरवे केले. तेव्हापासून प्रत्येक कामावर माझा हात फिरतो. चष्मेवाल्याकडे नेलं, त्याने नंबर वाढवला आणि वयाचं आहे म्हणाला.

तरी काम चालायचं, कारण बाबांचे डबे फळीवर ठरलेल्या जागी असतात. डावीकडून पहिला अस्तराचा, मग हिरवा, मग तपकिरी, मग लाल, शेवटी चकाकीचा. ते न बघता हात घालतात. मला वाटायचं सवय आहे. आता वाटतं त्यांचे डोळे त्या फळीवर होते.

मी बाहेरगावी गेलो तेव्हा ही शेडमध्ये आली. बाळ यायचंय म्हणून तिला सध्या घरातलं सगळं आवरायची हुक्की येते. तिने फळी पुसली आणि डबे उंचीप्रमाणे लावून ठेवले, चहा-साखरेचे लावावेत तसे. बाबांनी नेहमीच्या जागी हात घातला. खाली चकाकी गेली, वर अस्तर. हिरव्याच्या जागी लाल. मी असतो तर निस्तरलं असतं. पण या वेळी बाबांनी माझी वाटच बघितली नाही. स्वतः बांधलं, स्वतः ट्रकवाल्याकडे नेऊन दिलं. आजवर त्यांनी एकही खोकं स्वतः बांधलेलं नाही. ही रोज रडते. मी तिला सांगतो, तुझी चूक नाही. ती म्हणते, मग कुणाची?

आता तुझं पत्र आलं का हे ते रोज विचारतात. काल जेवताना म्हणाले, "ताईचं काही आलं?" मी म्हटलं, नाही. "येईल. ती गप्प बसणाऱ्यातली नव्हे." मग पाणी प्यायले आणि म्हणाले, "तिने वाईट म्हटलं तर त्या दिवशी ब्रश खाली ठेवीन."

आत्या, आजोबांचं काम सुटलं तेव्हा काय झालं हे तूच मला सांगितलं आहेस. भिंतीकडे तोंड करून बसले ते बसलेच, वर्षही काढलं नाही. बाबांना मी तसं बघू शकणार नाही. दोन ओळी लिही. कासव छान झालंय, एवढंच. तुझं खोटं त्यांना कळणार नाही, कारण तू कधी बोललेलीच नाहीस.

गुंड्या


२४ नोव्हेंबर

प्रिय नाना,

कासव वेळेवर मिळालं. उशिरा कळवते आहे, तालमींमुळे सवड झाली नाही.

फार देखणं झालंय. हिरवा अगदी मनासारखा साधलाय, तळ्याच्या काठच्या दगडावर असतो तसा. आमच्या दिवेवाल्याने शिडीवरूनच दाद दिली. वाकताना रंग जराही तडकत नाही. एवढ्या वर्षांनीही तुझा हात तसाच आहे.

प्रकृतीला जप. सूनबाईची काळजी घ्या.

तुझी ताई


२४ नोव्हेंबर

गुंड्या,

लिहिलं. हे पत्र त्याच पेटीत टाकते आहे म्हणजे दोन्ही बरोबरच पोचतील.

त्यात एकच वाक्य खरं आहे, हाताचं. त्याच्या आडोशाला बाकीची सगळी लपवली. मालकांचे वकील हेच करायचे. एवढी वर्षं मला वाटायचं की खोटं बोलायला निर्ढावलेपण लागतं. तसं काही नाही. वडिलांची ती भिंत आठवली आणि पेन आपोआप चाललं.

अस्तराचा डबा मिळाला. पण अर्धी पाठ खरवडून झाली आहे आणि प्रयोग चार दिवसांवर आलाय. इथल्या हवेत दोन थर वाळायचे नाहीत. शिंपीणबाई पाठीवर गोणपाट शिवून देते आहे. शेवाळात माखलेलं म्हणून खपेल.

त्याला डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरकडे ने. चष्मेवाला म्हणजे डॉक्टर नव्हे. हे तरी नीट कर.

आत्या


१ डिसेंबर

ताई,

अक्षर मोठं काढतोय. कागद जास्त लागले तर उधळ्या म्हणू नकोस, बारीक काढलं की मलाच लागत नाही.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. पाचव्यांदा सुनेकडून वाचून घेतलं, तर ती 'हिरवा' शब्दापाशी आली आणि उठून आत गेली. दिवस भरलेत, तिला हल्ली कशानेही भरून येतं.

आता तुला एक सांगायला हरकत नाही. कासव मी मुद्दाम पाठवलं होतं. गुंड्या गावाला गेलाय हे बघून बांधलं. तुला नवल वाटेल, पण या घरात दोन वर्षं माझ्या कामावर दुसऱ्याचा हात फिरतोय. मी वाळवून ठेवलेल्या मुखवट्याला सकाळी हात लावला तर बोट चिकटतं. वाळलेला रंग पुन्हा ओला होत नाही, एवढं मला कळतं. पण त्याला विचारलं असतं तर म्हणाला असता, बाबा, हवा दमट आहे. माझं पोर फार चांगलं आहे. चांगल्या माणसाकडून खरं काढणं फार अवघड.

मग मी एकटाच डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. घरी सांगितलं की ब्रश आणायला चाललोय. डॉक्टर पोरगेलासा होता. ठिपक्यांची चित्रं दाखवून आकडे ओळखा म्हणाला. मला एकही दिसला नाही. तो म्हणाला, काम काय करता? मी सांगितलं. म्हणाला, खिडकी आहे का? म्हटलं, आहे, पण धूळ बसते म्हणून बंद ठेवतो. त्याचं म्हणणं असं की थिनरच्या वाफेने डोळ्यामागची नस सुकत चालली आहे. आज थांबलात तर आहे तेवढी नजर टिकेल, थोडीफार परतही येईल. नाही थांबलात तर पुढे माणसंही दिसायची नाहीत.

ठिपक्यांवर माझा विश्वास बसेना. ठिपके काय, कुणीही चुकेल. मी ठरवलं, आयुष्यभर जे केलं त्यावरच परीक्षा होऊ दे, आणि परीक्षक असा असू दे की जो पास करायचं म्हणून पास करणार नाही. तसं माणूस मला एकच ठाऊक होतं. आपल्या आईच्या तोंडावर तू 'भात कच्चा आहे' म्हणायचीस. गुंड्याला मी सांगूनही टाकलं होतं की ताईने वाईट म्हटलं तर ब्रश खाली ठेवीन. म्हणजे तसा ठेवणारच होतो. शेडला बाहेरून कुलूप घालून डॉक्टर सांगेल ते औषध घेणार होतो.

आणि तू लिहिलंस, हिरवा मनासारखा साधलाय.

डॉक्टरचा कागद फाडून टाकला. पोरगं शिकाऊ असणार. एका नाटक मंडळीची मोठी मागणी होती, मी अडवून ठेवली होती. त्यांचे बारा मुखवटे आणि सहा चिलखतं रंगवून द्यायची. त्यांना हो म्हणून सांगितलं. कालपासून दार लावून बसतोय. गुंड्याला बजावलं, माझ्या कामाला हात लावशील तर याद राख, ताईने शिक्कामोर्तब केलंय.

ताई, मला तरुण झाल्यासारखं वाटतंय.

नाना


५ डिसेंबर

नाना,

हे पत्र हातात पडेल तेव्हा शेडमध्ये असलास तर आधी बाहेर ये. दार उघडं टाक आणि बाहेर उभं राहून वाच.

मी खोटं लिहिलं होतं.

फोन उचलला होता, नंबर अर्धा फिरवला आणि ठेवला. तुझा आवाज ऐकला असता तर पुन्हा खोटं बोलले असते. एकदा जमलं की दुसऱ्यांदा सोपं जातं, हे मला नव्याने कळलंय. म्हणून हे पत्र उद्या सकाळी निघणाऱ्या माणसाच्या हाती देऊन तुझ्या दारात पोचवते आहे.

आता कासव. खवले हिरवे नाहीत, लाल आहेत. कडा तपकिरी नाहीत, हिरव्या आहेत. अस्तर खाली नाही, ते सगळ्यात वर बसलंय आणि वाळून पांढरं पडलंय. चकाकी खाली गेली, म्हणून पहिल्या वाकण्यातच रंग तडकला. दिवेवाल्याने दाद दिली नाही. तो म्हणाला, याला सोलून पाठवलंय का. सगळे हसले. प्रयोगात मी पाठ गोणपाटाने झाकून बोलले. पहिल्या रांगेतले एक विद्वान नंतर मला भेटून म्हणाले की ते गोणपाट म्हणजे इतिहासाचं ओझं आहे. मी मान डोलावली. त्या आठवड्यात मी कशालाही मान डोलावत होते.

तुझे डबे फळीवर जागा बदलून ठेवले गेले होते आणि तुला ते दिसलं नाही. ज्याला रंग दिसतो त्याला डबा उघडताच कळलं असतं. तो डॉक्टर शिकाऊ नाही. तो बरोबर आहे.

मी का लिहिलं तेही सांगते, पण ते कारण म्हणून घेऊ नकोस. तू 'ब्रश खाली ठेवीन' म्हणालास हे मला कळलं, आणि मला वडिलांची पाठ दिसली, भिंतीकडे वळलेली. मला वाटलं तू मरणाबद्दल बोलतोयस. तू तर जगायचं ठरवत होतास. मी तुला विचारलं नाही. लोकांच्या वतीने बोलायची इतकी सवय लागली की त्यांना विचारायचं राहून गेलं.

तुला आठवतं, वार्निशच्या कारखान्याच्या फाटकावर मी खिडक्यांसाठी बोलले होते? 'वाफ दिसत नाही म्हणून ती नाही असं समजू नका.' ते वाक्य तू लाल कापडावर पांढऱ्या रंगात लिहिलं होतंस, वीतभर उंच अक्षरांत. ते लिहिलंस त्या खोलीची खिडकी बंद होती. मी तिथेच स्टुलावर बसून तुला मजकूर सांगत होते आणि वासाने डोकं दुखतं म्हणून तक्रारही करत होते. हजार माणसांसाठी ओरडले, आणि भावाची खिडकी उघडायला उठले नाही.

गुंड्यावर राग धरू नकोस. त्याने मागितलं, पण दिलं मी. मला नाही म्हणता येत होतं. आयुष्यभर तेवढंच करत आले आहे.

मुखवटे परत पाठव. कागद फाडलास तर डॉक्टर दुसरा लिहून देईल. आजच जा.

ताई


११ डिसेंबर

आत्या,

तू शब्द मोडलास. माझ्याशी काही ठरवलं नव्हतंस असं म्हणशील. ठरवलं होतं, न बोलता.

तुझं पत्र बाबांनी अंगणात उभ्याने वाचलं. मग मला वाचायला दिलं. मग आत गेले आणि फळीवरचे डबे एकेक करून आणून माझ्यासमोर मांडले. झाकण काढायचे आणि विचारायचे, "हा?" "हिरवा." "हा?" "लाल, बाबा." "आणि हा?" असे सगळे. ते रडले नाहीत. रडलो मी. शेवटी म्हणाले, "दोन वर्षं रोज रात्री जागलास. त्यापेक्षा एका सकाळी मला सांगितलं असतंस तर?" आणि शेडला कुलूप घालून चावी हिच्या हातात दिली. हिच्या, माझ्या नाही.

तीन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तुझंही नाव काढलं नाही. मी तुझ्यावर फार चिडलो होतो. अजून आहे थोडा.

परवा पहाटे मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. बाबांनी तिला मांडीवर घेतलं, बराच वेळ बघत बसले. मग मला विचारलं, "दुपटं कुठल्या रंगाचं आहे?" मी म्हटलं, पिवळं, कडेला निळी फुलं आहेत. "फुलांना पाकळ्या किती?" मी मोजून सांगितलं, पाच. त्यांनी मान हलवली. आजवर त्यांनी मला कधी रंग विचारला नव्हता.

गुंड्या


१६ डिसेंबर

ताई,

मी रागावलेलो आहे. राग उतरायची वाट बघत बसलो तर हे पत्र जायचं नाही, म्हणून रागातच लिहितोय.

तुझा मजकूर मी फलकांवर लिहायचो तेव्हा शेजारपाजारचे विचारायचे, हे सगळं खरं आहे का हो? मी म्हणायचो, माझी बहीण बोलते म्हणजे खरंच असणार. मालकांनी तुझं कधी ऐकलं नाही. सरकारने नाही. तू आयुष्यात एकदाच खोटं बोललीस आणि ते मात्र ऐकणाऱ्याने लगेच ऐकलं. तुझ्या पत्रानंतर मी आठ मुखवटे रंगवले, दार लावून, धूळ बसू नये म्हणून. डॉक्टरला विचारलं, त्या दिवसांत किती गेलं? तो म्हणाला, सांगता येत नाही. तेव्हा ते आपण मोजत बसायचं नाही.

तुझं पहिलं पत्र मी फाडलेलं नाही. खोटं असलं तरी ते वाचून मला जे वाटलं ते खरं होतं. तेवढं माझं मी ठेवून घेतो, तुला परत मिळणार नाही.

मुखवटे परत गेले. उरलेली मागणी गुंड्या घेतोय, पण शेडमध्ये नाही, अंगणात. तोंडाला फडकं बांधून. त्याचा हात माझ्यासारखा नाही. रेघ शेवटी खाली पडते. मी सांगत नाही. विचारेल तेव्हा सांगीन, आणि खरं सांगीन.

भिंतीकडे तोंड करून बसायची भीती तुला वाटली, मलाही वाटते. वडील का बसले ते मला आता कळतं. त्यांना काही विचारायचं सगळ्यांनी थांबवलं होतं.

पुढच्या सोमवारी पुन्हा डॉक्टरकडे जायचंय. पहिल्यासारखीच सगळी चित्रं तो दाखवणार आहे, काही परत येतंय का ते बघायला. गुंड्याला मी सांगितलं, तू बाहेर बस. आत कुणी हवं जे माझ्या शेजारी बसून तीच चित्रं बघेल आणि मी काय चुकलो ते तिथल्या तिथे सांगेल. म्हटलं तर ही शिक्षा आहे. म्हटलं तर तुला मी दुसऱ्यांदा विचारतोय. तिसऱ्यांदा विचारणार नाही.

शनिवारी ये, म्हणजे बाळाला बघशील. येताना कासव घेऊन ये. गोणपाट काढून आण. अंगणात उजेडात ठेवू. माझं बोट धरून एकेका खवल्यावर ठेव आणि काय दिसतं ते सांग.

नाना